सूर्योदय बघायला तंबू कशाला?

सरळ मुद्द्यावर येतो. सूर्योदयाचे फोटो काढायचे असतील तर ते ऑफिसला जाताना काढावेत. कॅम्पिंगला जाऊन काढलेला फोटो सूर्योदयाचा नसतोच, तो सुट्टीचा असतो. सूर्य त्यात लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या लांबच्या नातेवाईकासारखा एका कोपऱ्यात उभा असतो, इतकंच.

हे मत मी मध्यंतरी ऑफिसच्या कँटीनमध्ये मांडलं तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली, तशी आमच्याकडे फक्त अप्रेझलची पत्रं वाटल्यावर पसरते. मग तिघंजण एकदम तुटून पडले. एकाने पुरावा म्हणून फोनच पुढे केला. तंबूचं उघडं तोंड, त्यातून बाहेर आलेली दोन पावलं, पावलांपलीकडे पाणी, पाण्यापलीकडे डोंगर आणि डोंगरावर एक केशरी ठिपका. "आता बोल!" मी म्हटलं, पावलं छान आली आहेत. तिथे चर्चा संपली आणि चहाचे पैसे मला द्यावे लागले. असो. पाच मिनिटांच्या ब्रेकमध्ये जे सांगता आलं नाही ते आज रविवार असल्यामुळे निवांत सांगतो.

आधी कॅम्पिंग म्हणजे काय ते बघू. तंबू पाठीवर टाकून, शिधा बांधून, रानात मुक्कामाला जाणारी माणसं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आपल्या आयटीवाल्यांच्या भाषेत कॅम्पिंग म्हणजे शनिवारी दुपारी निघायचं, एक्सप्रेसवेवर अडकायचं, संध्याकाळी कुठल्यातरी धरणाच्या काठी आधीच उभ्या असलेल्या तंबूंच्या रांगेत आपला नंबर शोधायचा, मग बार्बेक्यू, मग स्पीकर, मग एक गिटारवाला, मग पुन्हा स्पीकर. झोपायला दीड वाजतो. पावणेसहाचा अलार्म लावलेला असतो, कारण पॅकेजच्या यादीत 'अनलिमिटेड बार्बेक्यू' आणि 'सकाळचे पोहे व चहा' यांच्या मधोमध 'सूर्योदय' असं छापलेलं असतं. पैसे भरलेत, सोडायचा कसा?

आता थोडी भूमिती. (घाबरू नका, डिप्लोमाला जेवढी होती तेवढीच.) धरणं दरीत बांधतात, म्हणजे पाण्याभोवती डोंगर आलेच. पूर्वेचा डोंगर तुमच्या नजरेसमोर समजा फक्त पाच अंश वर उठलेला असेल, तर आपल्या अक्षांशावर सूर्याला तेवढं चढायला वीस-एकवीस मिनिटं लागतात. पंचांगात सूर्योदय सातला लिहिला असेल तर तुम्हाला बिंब दिसणार सात वीसला. तोपर्यंत आकाशातला खरा रंगाचा खेळ आटोपलेला असतो. क्षितिजापाशी सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत साधारण ३८ पट हवेतून गाळून येतो, म्हणून निळा वाटेतच विखुरतो आणि लाल-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. पाच अंशांवर आल्यावर ही हवा दहापटींच्या आसपास उरते. म्हणजे रात्रभर जागून, हजार-दीड हजार मोजून आपण जो टिपतो तो सूर्य वीस मिनिटं शिळा असतो. मग तो केशरी दिसावा म्हणून फिल्टर लावायचा.

कळसूबाईवर असं होत नाही, हे मान्य. १६४६ मीटरवर क्षितिज मोकळं मिळतं. पण शनिवारी रात्री बारी गावातून वर सरकणारी हेडलॅम्पची रांग बघा, लोखंडी शिड्यांपाशी तुंबलेली गर्दी बघा. दादरच्या पुलावर सकाळी नऊला उभं राहायला नको म्हणून माणसं मध्यरात्री सह्याद्रीत जाऊन तीच धक्काबुक्की करतात. आणि गंमत म्हणजे वर पोचल्यावर निघालेल्या प्रत्येक फोटोत प्रत्येकजण एकटा असतो! सूर्याकडे पाठ, हात पसरलेले, खाली 'एकांत' वगैरे काहीतरी. तो एकांत मिळवायला फोटोतून किती माणसं कापली, ते फक्त कापणाऱ्याला माहीत.

माझा खरा आक्षेप या कापण्याला आहे.

कॅम्पवरचा फोटो हा काय काय वगळलं यावर उभा असतो. पाण्याच्या कडेला अडकलेल्या प्लेट्स वगळा. जनरेटर वगळा. शेजारचे चाळीस तंबू वगळा. तुमच्या 'सकाळच्या चहा'साठी चारला उठून चूल पेटवणारा मुलगा वगळा. मी ज्या ठिकाणी गेलो होतो तिथे (नाव घेत नाही, सगळीकडे हेच आहे) हा मुलगा गावातून मोटरसायलवरून अंधारात येत होता, मागे दुधाचा कॅन बांधून. म्हणजे बघा, ज्याला आपण कॅम्प म्हणतो ते त्याचं ऑफिस आणि आपला सूर्योदय हा त्याचा कम्यूट. त्याला विचारलं, फोटो काढतोस का रे सकाळचे? म्हणाला, येताना काढतो की, खिंडीतून. कॅम्पवर कशाला काढू?

आता याला माझा गुरू म्हणा हवं तर.

आणि पाणी? पवना धरणाचंच घ्या. लोहगड, तिकोना, तुंग असे तालेवार किल्ले भोवती, मध्ये पाणी, काठाला तंबू. फोटोला याहून चांगली जागा नाही असं लोक म्हणतात. मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो, माझ्या नळाला मुख्यतः याच धरणाचं पाणी येतं. ते नदीत सोडतात आणि रावेतला उचलतात. ते बंद पाईपलाईनने थेट शहरात आणायचं ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला एक्सप्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्याच रस्त्यावरून आपण दर शनिवारी 'शांतता शोधायला' जातो. फोटोखाली 'शांत जलाशय' लिहितो. फोटो काढणाऱ्याने हे सगळं लिहिलंच पाहिजे असं मी म्हणत नाही, कॅप्शनला तेवढी जागा नसते. पण ज्या फोटोत पाणी आहे आणि पाणी कुणाचं हे शोधायला एकही धागा नाही, तो फोटो मला वॉलपेपर वाटतो. विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर आपोआप येतात ना, तसा.

यावर आमच्या टीममधल्या एका हुशार मुलीने मुद्दा काढला की फोटो सूर्याचा आहे, त्यात समाजशास्त्र कशाला? ठीक आहे, तर मग पिक्सेल मोजू. फोनचा नेहमीचा कॅमेरा जुन्या फिल्मच्या हिशेबात साधारण २६ मिलिमीटर लेन्सचा असतो. आकाशात सूर्याचा व्यास अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. बारा मेगापिक्सेलचा आडवा फोटो ४०३२ पिक्सेल रुंद असतो, त्यात सूर्याच्या वाट्याला रुंदीतले जेमतेम २७ पिक्सेल येतात. सत्तावीस! तेही सगळे जळून पांढरे झालेले. म्हणजे तुमच्या 'सूर्याच्या फोटो'त सूर्य हा ऑफिसच्या आयकार्डावरच्या छोट्या फोटोपेक्षा लहान आहे. बाकी सगळा फोटो दुसऱ्याच कशाचा तरी आहे. तो कशाचा असावा, एवढाच प्रश्न उरतो.

झूम करून काढा म्हणाल, तर काढा बापडे. गोळा मोठा येईल. पण निव्वळ गोळा लोणावळ्यातही तसाच आणि लखनौतही तसाच. शिवाय २०२३ मध्ये एका बड्या कंपनीच्या फोनबद्दल बोंब झाली होती ते आठवत असेल: कुणीतरी मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राचा स्क्रीनवरून फोटो काढला आणि फोनने त्यात स्वतःच्या मनाने खड्डे भरून दिले. उद्या सूर्याचंही तेच. ज्या गोष्टीचा फोटो फोन आपल्याशिवाय काढू शकतो तो आपण का काढायचा?

चित्रकलेतला मी काही जाणकार नाही, पण सूर्योदयाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं चित्र कुठून काढलं हे वाचल्यापासून मला फार बरं वाटतंय. क्लोद मोने याचं 'इंप्रेशन, सनराइज'. साल १८७२. चित्रकार कुठल्या डोंगरावर गेला नव्हता. ज्या शहरात लहानाचा मोठा झाला त्या फ्रान्समधल्या ल आव्र बंदरात, हॉटेलच्या खिडकीतून त्याने ते काढलं. त्यात धुकं आहे, क्रेन आहेत, धुराडी आहेत, जहाजांच्या डोलकाठ्या आहेत आणि कामावर निघाल्यासारख्या दोन-तीन होड्या. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर माझगाव डॉकचा फोटो! १८७४ च्या प्रदर्शनात लोकांनी त्याची थट्टा केली आणि त्याच्याच नावावरून एका अख्ख्या चित्रशैलीला नाव पडलं.

पण माझ्यातल्या इंजिनियरला खरी मजा पुढे आहे. हे चित्र नेमकं कधीचं यावर वाद होता. तेव्हा अमेरिकेतल्या एका खगोल-अभ्यासकाने चित्रातल्या सूर्याची जागा, बंदरातल्या भरतीच्या पाण्याची पातळी, धुराड्यांतला धूर कुठल्या बाजूला चाललाय त्यावरून वारा आणि जुन्या हवामानाच्या नोंदी असं सगळं जुळवलं. सर्वांत शक्य उत्तर निघालं: १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साडेसातच्या सुमारास. हे कशामुळे जमलं? क्रेन आणि धूर ठेवल्यामुळे. मोनेने 'फ्रेममध्ये घाण नको' म्हणून धुराडी कापली असती तर वाऱ्याची दिशा कुठून आणली असती? आपण ज्याला कचरा म्हणून फोटोतून काढतो, तोच पुढे डेटा असतो. लॉगमधल्या नकोशा ओळी आपण डिलीट करत नाही, मग इथेच हा शौक का?

तर कम्यूट. माझा असा आहे: पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला खोल खालून वर येऊन दुसरी मेट्रो, रामवाडीला उतरून कंपनीची शटल. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंतचा मार्ग सुरू झाला तेव्हापासून हेच. बंडगार्डन आणि येरवडा या दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी मुळा-मुठा ओलांडते आणि काही सेकंद उजवीकडे नदी मोकळी दिसते. सकाळच्या पाळीला मी तिथे सातच्या आगेमागे असतो. एवढ्या काही सेकंदांत मी एक फोटो काढतो. एकच. त्याच बाजूला, शक्यतो त्याच खिडकीपाशी. तंबू नाही, पोहे नाहीत, तिकीट तर तसंही काढलेलंच असतं.

लोक म्हणतात, रोज तोच फोटो काढून कंटाळा येत नाही का? अहो, तोच नसतो ना! पुण्याच्या अक्षांशावर जून आणि डिसेंबर यांच्यात सूर्योदयाची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते. बरोब्बर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो. हे शाळेत 'उत्तरायण-दक्षिणायन' म्हणून पाठ केलं होतं आणि दोन मार्कांना लिहिलं होतं. ते खरं आहे हे मला खिडकीच्या चौकटीवरून कळलं. एका इमारतीच्या डाव्या अंगाला असलेला सूर्य काही आठवड्यांनी उजव्या अंगाला गेला होता आणि इमारत काही हललेली नव्हती.

दुसरी गंमत वेळेची. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असं आजी सांगायची. दिवस मोठा व्हायला लागतो तो खरं तर २२ डिसेंबरच्या सुमारास, पण सकाळ मात्र संक्रांतीनंतरही उशिराच होत जाते! पुण्यात सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात असतो, सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी. वाढलेला दिवस तोवर सगळा संध्याकाळच्या बाजूला जमा होत असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, या दोन्हींचा तो एकत्र परिणाम. भर म्हणून आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, आपण ७४ च्या आसपास, त्यामुळे पुण्याचा सूर्य अलाहाबादच्या जवळून जाणाऱ्या त्या रेषेपेक्षा पस्तीसेक मिनिटं उशिरा येतो. म्हणून तर माझी सातची गाडी आणि सूर्य यांची गाठ डिसेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य एवढीच पडते. नंतर सूर्य माझ्या आधी कामाला लागलेला असतो. मे महिन्यात सहाला उगवून मी पुलावर पोचेपर्यंत तो चांगलाच तापलेला. तेव्हाही फोटो काढतोच, पण त्याला सूर्योदय म्हणत नाही. कॅम्पवाल्यांनीही म्हणू नये.

हवा हा तिसरा भाग. फोटोला सगळ्यात जास्त लाईक मिळतात त्या दिवशीचा सूर्य आठवून बघा: लाल, शांत, नाण्यासारखा गुळगुळीत. असा सूर्य थंडीत दिसतो, जेव्हा जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेच्या झाकणाखाली अडकते आणि तिच्यात रस्त्यावरची धूळ, शेकोट्या आणि आपल्याच गाड्यांचा धूर साचतो. बिंब लाल होतं, पण भोवतीचं आकाश मात्र मळकट. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते तेव्हा उलट होतं, आकाशाला स्वच्छ रंग असतात आणि बिंबाकडे बघवत नाही. (बघूही नका. डोळ्यांचं भिंग कॅमेऱ्यापेक्षा महाग आहे.) रोजच्या फोटोंची रांग लावली की हा फरक आपोआप दिसतो. वर्षातून तीनदा कॅम्पला जाणाऱ्याला 'काय भारी लाल सूर्य होता' एवढंच दिसतं.

आणि नदी. पुण्यातल्या नद्यांच्या काठांवर सुमारे ४४ किलोमीटरचा सुधार प्रकल्प चालू आहे, २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तो चांगला की वाईट यावर शहरात मोर्चे निघालेत, कोर्टकज्जे झालेत, मी इथे नव्याने सुरुवात करत नाही. पण माझ्या फोटोंत काठ बदलताना दिसतो. झाडोऱ्याची वेडीवाकडी रेषा जाते, मातीचा भराव येतो, भरावाचा सरळ उतार होतो. मी त्यातलं काहीही 'टिपायला' गेलो नव्हतो. मी फक्त सूर्य काढत होतो आणि काठ मध्ये येत होता! फोटोला चौकट असली की हे होतंच, फक्त रोज त्याच जागी उभं राहावं लागतं. आणि रोज त्याच जागी माणूस फक्त पगारासाठी उभा राहतो, हे एक कटू सत्य.

कृती सांगून टाकतो, कारण 'कसं काढतोस' हा मेसेज हमखास येणार. फोन काचेला टेकवून धरा, नाहीतर डब्यातले दिवे फोटोत उगवतात. सूर्याच्या शेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा. व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेऱ्याला सकाळचा केशरी रंग ही चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करायला जातो. डेलाइटवर ठेवा. नाईट मोड बंद. बास. बिंबाची वरची कड दिसल्यापासून पूर्ण गोळा वर यायला आपल्याकडे सव्वादोन मिनिटं लागतात, त्यामुळे गाडी थोडी पुढेमागे झाली तरी काहीतरी मिळतं.

आणि हे कृपा करून दुचाकीवरून किंवा गाडी चालवताना करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच मोडतं. पण कायद्याचं सोडा, हायवेवर समोर सूर्य असताना तुम्हालाही दिसत नसतं आणि मागच्या ट्रकवाल्यालाही. लोकलच्या दारात लटकून तर नकोच नको. माझं सगळं म्हणणं प्रवाशासाठी आहे. ज्याच्या हातात स्टिअरिंग नाही त्याच्यासाठी.

आता 'डोळ्यांनी बघा की, फोटो कशाला' या पंथाबद्दल दोन शब्द. ही मंडळी प्रत्येक ग्रुपवर एक तरी असतात. त्यांनी एकदा सकाळी सातच्या मेट्रोत यावं. डबाभर माणसं, सगळ्यांच्या माना खाली, अंगठे वर-खाली. नदी येते, जाते, कुणाला पत्ता नसतो. त्या डब्यात मान वर करून बाहेर बघणारा एकच प्राणी असतो, ज्याला फोटो काढायचाय तो. कॅमेरा नसता तर मीही कालचं मेल वाचत बसलो असतो. फोटो आणि बघणं यांचं हे जे वैर लावून दिलंय ते कॅम्पवर खरं असेल, तिथे बघायला वेळच वेळ असतो. इथे फोटो हे बघण्याचं निमित्त आहे.

आणि हे काही मी नव्याने काढलेलं खूळ नाही. आपल्याकडे सकाळ ही कायम कामाची गोष्ट होती. वासुदेव सकाळी येतो तो दारोदार फिरायला, काकडआरती होते ती दिवस सुरू करायला. होनाजी बाळाची भूपाळी, 'अमर भूपाळी' (१९५१) या व्ही. शांताराम यांच्या सिनेमामुळे घरोघरी पोचलेली, नीट ऐका: गाईगुरं, धारा, घरातली कामं, सगळी लगबग आहे त्यात. उगवत्या सूर्याकडे पाठ करून हात पसरून उभं राहिलेलं त्यात कुणी नाही.

कँटीनमधला सगळ्यात जड आक्षेप मात्र मी अजून सांगितला नाही. ज्याने पावलांचा फोटो दाखवला होता तोच शेवटी जरा चिडून म्हणाला, "अरे, पाच दिवस त्यांना देतो, एक सकाळ तरी माझी म्हणून बघू दे ना." याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं, कारण तो थकलेला होता आणि खरं बोलत होता. हिंजवडीच्या सिग्नलला दीड तास काढणाऱ्याला 'कम्यूटचा आनंद घे' म्हणणं हा चावटपणा आहे. मला ते म्हणायचंही नाही. पण त्याच्या वाक्यातला हिशेब बघा. वर्षातून तीन कॅम्प म्हणजे तीन सूर्योदय. आठवड्यातून चार दिवस ऑफिस, सुट्ट्या वजा जाता वर्षाला १८०-१९० सकाळी. ऑफर लेटरमध्ये कामाचे तास लिहिलेत, नोटीस पिरियड लिहिलाय, अगदी लॅपटॉप हरवला तर काय तेही लिहिलंय. त्या १९० सकाळी कंपनीच्या आहेत असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आपणच ते गृहीत धरलं आणि मग उरलेल्या तीन परत विकत घ्यायला मावळात गेलो, तेही बार्बेक्यूसकट. मेट्रोत बसल्यापासून रामवाडीपर्यंत मी कंपनीचा नसतो. ज्यांना बसमध्येच लॅपटॉप उघडायला लावतात त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्यातले अर्धे स्वतःहून उघडतात हेही मी पाहिलंय.

ज्यांच्या कम्यूटला खिडकीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. माझा एक मित्र अमेरिकन क्लायंटच्या पाळीत आहे. कॅब त्याला सकाळी सातला घरी सोडते, तो पडदे ओढतो आणि झोपतो. गेल्या हिवाळ्यात मी त्याला पुलावरचा फोटो अधूनमधून पाठवायचो. जानेवारीत एकदा खूप चांगला आला होता, धुक्यातून नुसती नदीची कड आणि वर ते लाल नाणं. दोन निळ्या टिका लगेच आल्या. मग उत्तर आलं, "मस्त. गुड नाईट."